देव सर्वांचा, साचा कोणाचा? गिरगावच्या छापखान्यापासून शिवडी-लालबागच्या मूर्तिशाळांपर्यंत

१/ संगणकावर घडविलेले शिल्प फाइलच्या रूपाने विकत घ्यावे, त्रिमिती छपाईयंत्रावर त्याच्या शंभर मूर्ती काढाव्यात आणि बाजारात विकाव्यात, हे आता सहज शक्य झाले आहे. ते कायदेशीर आहे का, हा प्रश्न मात्र नवा नाही. मुंबईत तो सव्वाशे वर्षांपासून वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे.

२/ राजा रविवर्मा यांच्या चित्रांना एवढी मागणी होती की एका हाताने ती पुरी होणे अशक्य होते. चित्रे छापून घ्यावीत, असे सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचविले होते. १८९४ मध्ये गिरगावात छापखाना उभा राहिला. जर्मन यंत्रांवर छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या आणि पाठोपाठ नकलाही निघाल्या.

३/ त्या नकलांविरुद्ध दाद मागण्यास कायदेशीर आधार तुटपुंजा होता. हिंदुस्थानातील १८४७ चा कायदा पुस्तके, नकाशे, संगीतलिपी यांच्यापुरता होता. इंग्लंडचा १८६२ चा ललितकला-कायदा वसाहतींना लागू होत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये कॅनडातील एका खटल्यात ठरविले.

४/ तरीही हक्काला किंमत होतीच. छापखाना १८९९ मध्ये मळवलीला हलला आणि पुढे कर्जाच्या ओझ्यामुळे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. त्या व्यवहारात यंत्रांबरोबर चित्रे छापण्याचे हक्कही गेले. वस्तू वेगळी आणि तिच्या प्रती काढण्याची मुभा वेगळी, हा भेद कायद्याआधी व्यवहाराने ओळखला होता.

५/ १९१४ च्या कायद्याने इंग्लंडचा १९११ चा कॉपीराइट कायदा येथे आणला. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. त्यात शिल्पाच्या व्याख्येत ओतीव प्रती आणि नमुनेही येतात. मूर्तिकाराच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण त्याची खरी पुंजी मूर्तीपेक्षा साच्यात असते.

६/ शिवडीला लागून असलेल्या लालबाग-परळमध्ये हे रोज अनुभवास येते. मूर्तिकार महिनोन्‌महिने खपून शाडूत एक मुद्रा घडवितो. तयार मूर्ती विकत घेऊन तिच्यावरून कोणी रबरी साचा काढला, तर ती सारी मेहनत काही दिवसांत दुसऱ्याच्या गाळ्यात जाते.

७/ लालबागचा राजा मंडळ १९३४ चे. त्याची मूर्ती १९३५ पासून कांबळी घराणे घडविते. या रूपाचे ‘पेटंट’ आहे, असे सर्रास बोलले जाते. पण पेटंट शोधाला मिळते. चेहरा, बैठक, हातांची ठेवण यांना संरक्षण देतो तो कॉपीराइट किंवा डिझाइनचा कायदा.

८/ मग गणपतीवरच कोणाची मालकी होते का? नाही. कल्पना, विषय वा पुराणकथा यांवर कॉपीराइट नसतो; तो असतो त्यांच्या मांडणीवर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितले. सोंड, मोदक, उंदीर सर्वांचे. एका हाताने घडविलेली विशिष्ट मुद्रा त्या हाताची.

९/ मंडळाने पैसे मोजले म्हणजे हक्क मंडळाचा झाला का? पैसे देऊन करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र वा चित्रपट यांचा हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो, असे कलम १७ म्हणते. वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. त्या यादीत शिल्प नाही. म्हणून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मूर्तिकाराने हक्क लेखी दिला नसेल, तर तो त्याच्याकडेच राहतो.

१०/ सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे चित्र वा छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास कायदा मुभा देतो. त्या मुभेत शिल्पावरून दुसरे शिल्प करणे बसत नाही. शिवाय गणेशोत्सवाची मूर्ती कायमची नसतेच. अनंत चतुर्दशीला ती पाण्यात जाते.

११/ २०१२ च्या दुरुस्तीने कलाकृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविणे हाही प्रत काढण्याचाच प्रकार ठरला. म्हणजे मूर्तीचे स्कॅन करून विक्रीसाठी फाइल तयार केली, तर छपाई सुरू होण्यापूर्वीच परवानगीचा प्रश्न येतो. आकडा मात्र मूर्तिकारानेही ध्यानात ठेवावा. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदविले नाही आणि त्याच्या संमतीने यांत्रिक पद्धतीने ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइट संपतो. एखादी वस्तू निव्वळ कलाकृती की डिझाइन, हे कसे तपासावे याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये घालून दिली.

१२/ फाइल विकत घेणाऱ्यासाठी नियम साधा आहे. फाइलची किंमत ही छापून विकण्याच्या परवान्याची किंमत नव्हे. परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे कायदा मानतो. ‘अव्यावसायिक’ अटीवर फुकट मिळालेली फाइल घरी छापता येते. जत्रेत विकता येत नाही.

१३/ हक्काची मुदत कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. परळचे ख्यातनाम मूर्तिकार विजय खातू २०१७ मध्ये गेले. ज्या शिल्पांचा कॉपीराइट त्यांच्या नावे आहे, ती २०७७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

१४/ रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांच्या लक्ष्मीवरून आज कोणीही त्रिमिती मूर्ती घडवून विकू शकतो. श्लायशरला ज्यासाठी पैसे मोजावे लागले, ते आता सर्वांना मोकळे आहे. लालबागच्या आजच्या मूर्तीलाही कधीतरी तो दिवस येईल. तोवर साचा असो वा फाइल, घडविणाऱ्याला विचारावे लागते आणि त्याचे उत्तर कागदावर घ्यावे लागते.