जुन्या वेली, माफक किंमत : बोजोलेची ‘लाँसियाँ’

फ्रान्सची लाल वाइन म्हटली की बोर्दो आणि बर्गंडी ही नावे आधी डोळ्यांसमोर येतात आणि त्यापाठोपाठ सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे दर. मात्र बर्गंडीला लागूनच, ल्यों शहराच्या उत्तरेला पसरलेल्या बोजोले प्रांतात जुन्या वेलींच्या द्राक्षांपासून केलेली उत्तम वाइन अजूनही माफक दरात मिळते. जाँ-पॉल ब्रँ यांची ‘लाँसियाँ’ हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेच्या बाजारात तिची बाटली साधारण वीस डॉलरच्या आसपास मिळते. नामांकित बर्गंडीच्या एका बाटलीच्या किमतीत तिच्या कित्येक बाटल्या येतील.

हद्दपार झालेले द्राक्ष

बोजोलेची लाल वाइन ‘गामे’ या काळ्या द्राक्षापासून तयार होते. १३९५ मध्ये बर्गंडीचा सरदार फिलिप याने फर्मान काढून हे द्राक्ष आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम दिला होता. पीक भरपूर, पण वाइन हलकी, असा त्याच्यावर ठपका होता. दक्षिणेकडील बोजोलेत मात्र ते रुजले. प्रांताच्या उत्तर भागातील ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मोर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ यांसह दहा नामांकित क्षेत्रे आहेत. दक्षिण भागात चुनखडीयुक्त चिकणमाती असून तेथील पिवळसर दगडांमुळे त्याला ‘सोनेरी दगडांचा प्रदेश’ म्हणतात. याच भागातील शार्ने गावात ब्रँ यांनी १९७९ मध्ये अवघ्या चार हेक्टरांवर काम सुरू केले. ‘तेर दोरे’, म्हणजे ‘सोनेरी माती’, हे त्यांच्या द्राक्षमळ्याचे नाव.

झटपट वाइनची सावली

जगाला बोजोले परिचित झाले ते ‘नूव्हो’मुळे. सप्टेंबरच्या सुमारास तोडलेल्या द्राक्षांची ही ताजी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी एकाच दिवशी जगभर विक्रीस येते. तिच्यासाठी अख्खे घड देठांसह टाकीत भरले जातात. तळचे घड भाराने फुटून आंबू लागतात, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने टाकी भरते आणि वरच्या न फुटलेल्या मण्यांमध्ये आतल्या आत किण्वन सुरू होते. त्यातून फळांच्या गंधाची, कमी तुरट वाइन चटकन तयार होते. पुढे मागणी वाढली तशी प्रयोगशाळेत निवडलेल्या यीस्टचा वापर वाढला. केळ्याचा गंध देणारे असे एक यीस्ट या प्रांतात बरेच गाजले. मद्यार्काचे प्रमाण वाढवण्यासाठी रसात साखर घालण्याची प्रथाही सर्रास झाली. उत्पादन फुगले, दर्जा घसरला आणि ग्राहक दुरावला. २००१ च्या हंगामानंतर न खपलेल्या वाइनचा मोठा साठा ऊर्ध्वपातनासाठी पाठवण्याची वेळ आली.

जुनी रीत

‘लाँसियाँ’ या शब्दाचा अर्थच ‘जुना’. नूव्होच्या लाटेपूर्वी जशी वाइन होत असे तशी करावी, हा ब्रँ यांचा आग्रह. द्राक्षे पूर्ण पिकल्यावर तोडायची, देठ वेगळे करायचे, बर्गंडीच्या पद्धतीने साली रसात अधिक काळ मुरू द्यायच्या आणि किण्वन सालींवरच्या नैसर्गिक यीस्टवर सोपवायचे, असा हा क्रम आहे. साखर घालणे शक्यतो टाळले जात असल्याने मद्यार्काचे प्रमाण सहसा बारा टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे ही वाइन हलकी असली तरी फिकी नसते. लाल फळांचा गंध, किंचित मिरीची चव आणि जिभेवर रेंगाळणारा आंबटपणा ही तिची ओळख. ती थोडी थंड, साधारण १४ ते १५ अंश सेल्सिअस तापमानाला घ्यावी.

‘जुनी वेल’ म्हणजे किती जुनी?

लेबलवर ‘व्हिएय व्हीन्य’, म्हणजे ‘जुन्या वेली’, असे शब्द आढळतात. फ्रेंच कायद्यात मात्र त्यांची व्याख्या नाही. उत्पादकाच्या सचोटीवरच सारी भिस्त असते. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याने २००९ मध्ये स्वतःची सनद करून ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षांचे टप्पे ठरवले. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०२४ मध्ये ३५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या वेलीला ‘जुनी’ मानण्याची शिफारस केली. परंतु ती कोणत्याही देशावर बंधनकारक नाही.

वय वाढले की वेलीचे उत्पन्न घटते. मुळे खोल गेलेली असल्याने ती अवर्षणाला तुलनेने चांगले तोंड देते आणि मोजक्या घडांत रस दाट उतरतो. अर्थात केवळ वयामुळे वाइन चांगली होत नाही. जमीन आणि निगा तितकीच महत्त्वाची.

नाव नाकारले गेले तेव्हा

जुन्या रीतीची किंमतही मोजावी लागते. २००७ च्या हंगामातील ‘लाँसियाँ’ चव-चाचणीत प्रांताच्या ठरावीक चवीशी जुळत नसल्याचे कारण देऊन नाकारण्यात आली. ती ‘बोजोले’ म्हणून विकता येणार नव्हती, तर केवळ ‘टेबल वाइन’ म्हणून. तेव्हाच्या नियमांनुसार अशा बाटलीवर प्रांत, द्राक्ष किंवा वर्ष यांपैकी काहीही छापता येत नसे. ज्या पद्धतीने पूर्वी या प्रांतात वाइन होत असे, तीच आता परकी ठरली, अशी टीका वाइनप्रेमींनी केली. २००९ च्या सुमारास ‘टेबल वाइन’चा वर्ग बदलून ‘व्हँ द फ्रांस’ आला आणि त्यात द्राक्ष व वर्ष छापण्याची मुभा मिळाली. पुढील काळात ‘लाँसियाँ’ पुन्हा ‘बोजोले’ या नावाने विकली जाऊ लागली.

स्वस्ताईची दुसरी बाजू

ग्राहकाला दिलासा देणारी किंमत वेलीच्या मुळावर येऊ शकते, ही या प्रांताची खरी अडचण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस बोजोलेत सुमारे २२ हजार हेक्टरांवर द्राक्षमळे होते. त्यानंतर त्यातील मोठे क्षेत्र उपटले गेले. बुटक्या, तारेचा आधार नसलेल्या जुन्या वेलींची छाटणी आणि तोडणी हातानेच करावी लागते. मजुरी चढी, उत्पन्न कमी आणि वाइनला भाव बेताचा, असे गणित असल्यावर शेतकऱ्याचा हात कुदळीकडे वळतो. नवी वेल जुनी होण्यास किमान एक पिढी लागते. उपटण्यास एक दुपार पुरते. म्हणूनच जुन्या वेलींची वाइन घेताना बाटलीवरील त्या दोन शब्दांपेक्षा उत्पादकाचे नाव पाहणे अधिक हिताचे. त्याच्या मेहनतीला रास्त भाव मिळाला, तरच त्या वेली पुढच्या हंगामापर्यंत टिकतील.