एका मुलीचे पैसे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीजच्या गडबडीत मागचे तीन वीकान्त हापिसानेच खाल्ले. असो.

तर झालं असं. नोकरी लागली त्या वर्षी आमच्या कॅंटीनमध्ये एका संस्थेने टेबल मांडलं होतं. "एका मुलाचं शिक्षण प्रायोजित करा." पहिला पगार झाला होता, मनही मोठं होतं. फॉर्म भरला. महिन्याला ८०० रुपये आपोआप खात्यातून जायला लागले आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मुलीचा फोटो घरी आला. वर्षातून एकदा तिचं पत्र यायचं. मी उत्तर पाठवलं फक्त एकदा. (हो, लाज वाटते.)

मागच्या शनिवारी संस्थेचं पत्र आलं. यापुढे माझे पैसे त्या एकाच मुलीवर खर्च न होता गावाच्या शाळेवर, पाण्यावर, आरोग्यावर होतील. तिची पत्रं मात्र येत राहतील. माझं डोकंच फिरलं. मी पैसे मुलीला देतोय, हापशाला नाही! बॅंकेच्या साइटवर जाऊन ते ८०० रुपये बंद करायचं पान उघडलंसुद्धा. मग म्हटलं, थांब, आधी हा प्रकार काय आहे ते बघू. एक दुवा उघडला, त्यातून दुसरा, आणि सगळा रविवार त्यातच गेला. जे सापडलं ते तुम्हालाही सांगतो.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धानंतर. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, पण दोस्तांची नाकेबंदी पुढे कित्येक महिने चालूच होती. ऑस्ट्रिया-जर्मनीतली मुलं उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब नावाच्या इंग्रज बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांचे फोटो असलेली पत्रकं वाटली. बाईंना अटक झाली, ५ पौंड दंड झाला. असं सांगतात की तो दंड सरकारी वकिलानेच आपल्या खिशातून दिला. त्याच वर्षी, १९१९ मध्ये, जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' स्थापन केली. थोड्याच काळात तिथे अशी सोय झाली की एका देणगीदाराने एका ठरावीक मुलाचा भार उचलायचा. कालपर्यंतच्या शत्रूचं मूल बरं का! 'ऑस्ट्रियाला मदत करा' म्हटलं असतं तर लोकांनी दगड मारले असते. पण एका मुलाचा फोटो समोर आल्यावर दगड मारणार कोणाला?

पुढचा टप्पा १९३७. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं. जॉन लॅंगडन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला तिथे होजे नावाचा एक लहान मुलगा भेटला. त्याच्याजवळ वडिलांची चिठ्ठी होती. शहर पडलं की आपल्याला गोळी घालतील, ज्याला हा मुलगा सापडेल त्याने त्याला सांभाळावं, अशा अर्थाची. लॅंगडन-डेव्हिस आणि एरिक मगरिज यांनी मिळून योजना काढली. परदेशातल्या माणसाने दरमहा पैसे पाठवायचे, पत्रं लिहायची आणि त्या मुलाचं 'पालक' व्हायचं. आजची 'प्लॅन इंटरनॅशनल' ती हीच.

मग चीन आणि कोरिया. १९४७ मध्ये बॉब पियर्स हा अमेरिकन धर्मप्रचारक चीनमध्ये होता. एका मिशनरी बाईंनी मार खाऊन घराबाहेर पडलेली एक मुलगी त्याच्यासमोर उभी केली आणि विचारलं, हिचं तू काय करणार? त्याने खिशातले ५ डॉलर दिले आणि दर महिन्याला तेवढेच पाठवायचं कबूल केलं. १९५० मध्ये त्याने 'वर्ल्ड व्हिजन' काढली. कोरियन युद्धातल्या अनाथ मुलांसाठी १९५३ पासून तिथे प्रायोजकत्वाची पद्धतशीर योजना सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी एव्हरेट स्वॉन्सन या अमेरिकन पाद्र्याने कोरियातच सुरू केलेल्या कामातून 'कम्पॅशन' उभी राहिली.

एक मूल, एक फोटो, एक पत्र. हे इतकं का चालतं? २००७ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. लोकांना ५ डॉलर देऊन त्यातले किती दान करता असं विचारलं होतं. आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली तेव्हा सरासरी १.१४ डॉलर मिळाले. मालीतल्या रोकिया या एकाच मुलीबद्दल सांगितलं तेव्हा २.३८. आणि रोकियासोबत आकडेवारीही दाखवली तर? १.४३! म्हणजे आकडे दिसले की मन आखडतं. आपण रोज डॅशबोर्ड बघणारी माणसं, पण पाकीट मात्र फोटो बघूनच उघडतं.

अडचण पुढे येते. युद्धातल्या अनाथाला अन्न, कपडे, छप्पर दिलं की बरंचसं भागतं. पण या संस्था आशिया-आफ्रिकेतल्या गावांत पोचल्या तेव्हा मुलांना आईबाप होते. नव्हतं ते पाणी, रस्ता, दवाखाना, नीट चालणारी शाळा. एकाच बाकावरच्या दोन मुलींपैकी एकीला दप्तर मिळायचं, दुसरीला नाही. आणि घरी दोघी त्याच गढूळ विहिरीचं पाणी पिऊन आजारी पडायच्या. बग सिस्टिममध्ये आणि आपण पॅच मारतोय एका युजरच्या मशीनवर! म्हणून १९७० च्या दशकापासून या संस्था हळूहळू पैसे एकत्र करून गावावर खर्च करू लागल्या. 'ॲक्शनएड' १९७२ मध्ये सुरू झाली ती ८८ ब्रिटिश लोकांनी भारत आणि केनियातली ८८ मुलं प्रायोजित करून. पुढे तिचं काम जमीन, अन्न आणि बायकांच्या हक्कांपर्यंत गेलं आणि मुख्यालयही लंडनहून जोहान्सबर्गला हललं.

टीकाही कमी झाली नाही. मे १९८२ मध्ये 'न्यू इंटरनॅशनॅलिस्ट' या मासिकाने सगळा अंकच 'या मुलाला प्रायोजित करू नका' अशा मथळ्याने काढला. पत्रं-फोटोंवर होणारा खर्च, मुलांमुलांत भेदभाव आणि आभार मानायची सक्ती. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः मुलं प्रायोजित करून त्यांचा माग काढला, तर मूल वारल्यावरही पैसे घेतले जात असल्याचं उघड झालं. दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह ६ देशांत 'कम्पॅशन'च्या योजनेचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रायोजित मुलं साधारण १ ते दीड वर्षं जास्त शिकली होती. हे थोडं नाही. पण हीच संस्था २०१७ मध्ये भारतातून बाहेर पडली, कारण परदेशी पैसा आणायला सरकारची पूर्वपरवानगी लागू झाली होती. धर्मांतराचे आरोप, संस्थेचा नकार, तो वाद वेगळा. सुमारे १,४५,००० मुलांचा धागा मात्र तुटला. गावात बांधलेली विहीर अशी एका आदेशाने परत जात नाही.

आणि कोरिया? ज्या देशातल्या अनाथांसाठी हे सगळं वाढलं, तिथली 'वर्ल्ड व्हिजन' १९९१ पासून स्वतःच इतर देशांना पैसे पाठवू लागली.

रविवारी संध्याकाळी हे सगळं आजोबांना सांगत होतो. ते म्हणाले, "म्हणजे वार." आजोबा कोकणातून पुण्यात शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सातही घरांची नावं त्यांना अजून पाठ आहेत. मी विचारलं, मग छान वाटायचं ना? ते जरा वेळ गप्प बसले. "जेवण छान असायचं. पण पहिल्या नंबराने पास झालो की सात घरी पेढे घेऊन जायचो आणि एका विषयात कमी पडलो की सात घरी मान खाली घालायचो." शेवटची दोन वर्षं त्यांना वसतिगृहात जागा मिळाली. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ मध्ये सुरू झाली, तो हाच काळ. वारांची जागा वसतिगृहं घेऊ लागली होती. "तिथली आमटी पातळ असायची," आजोबा म्हणाले, "पण परत मागून घ्यायला लाज वाटत नसे."

मी बॅंकेचं ते पान बंद केलं. ८०० रुपये चालू आहेत, हापशासाठी का होईना. आणि त्या मुलीला आज पत्र लिहायला बसलोय. अभ्यास कसा चाललाय हे विचारणार नाहीये. गावात पाणी आलं का, एवढंच विचारणार आहे.

तूर्तास इतकंच.