तक्त्यावर नसलेला शब्द

बोईसरजवळच्या एका प्राथमिक शाळेत विज्ञानाचे साधे प्रयोग दाखवायला आम्ही अधूनमधून जातो. तेथे चौथीच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा होता. त्याला सगळे समजत होते, पण जीभ, ओठ आणि श्वास यांचे स्नायू हवे तसे हलत नसल्याने बोलता येत नव्हते. त्याच्या चाकाच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर चित्रांचा तक्ता चिकटवलेला होता. पेल्याखाली झाकलेली मेणबत्ती विझली, तेव्हा आम्ही त्याला विचारले, "का विझली?" त्याचा हात हळूहळू वर येऊ लागला. तोवर आमचा पुढचा प्रश्न तयार होता, "आतली हवा पुरली नाही, म्हणून ना?" त्याने मान डोलावली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तो अजून सांगतोय."

ती चूक आमची एकट्याची नव्हे, हे नंतर वाचनात आले. संवादाच्या साधनांच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा भेटते.

हा इतिहास तसा अलीकडचा. अमेरिकेत १९२०च्या दशकात एफ. हॉल रो या सेरेब्रल पाल्सी असलेल्या गृहस्थांनी अक्षरे आणि शब्द असलेला तक्ता वापरला. अशा जुन्यात जुन्या तक्त्यांत त्याची गणना होते. १९६०च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेग मेलिंग यांनी 'पॉसम' हे यंत्र बनवले. नळीत फुंकून किंवा ओढून टंकलेखन यंत्र चालवण्याची त्यात सोय होती. पण ही साधने मुख्यतः मोठ्या माणसांसाठी होती.

मुलांपर्यंत ही गोष्ट पोचली ती एका रसायन अभियंत्यामुळे, आणि तीही त्याच्या मनात नसताना. चार्ल्स ब्लिस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीतले. नाझींच्या छळछावणीतून सुटून ते शांघायला पोचले. तेथे चिनी चित्रलिपी पाहून त्यांना वाटले, की सर्व देशांना वाचता येईल अशी चिन्हांची भाषा असेल तर युद्धे टळतील. १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी ती प्रसिद्ध केली. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. मात्र १९७१ मध्ये टोरांटोतल्या शिक्षिका शर्ली मॅकनॉटन यांनी ती न बोलणाऱ्या मुलांना शिकवली, आणि मुले दोन-तीन चिन्हे जोडून तक्त्यावर नसलेले शब्द स्वतः घडवू लागली. ब्लिस आधी हरखले, मग शिक्षिकांनी चिन्हांत बदल केले म्हणून कायद्याची भांडणे करत बसले. निर्मात्याला आपली भाषा शुद्ध हवी होती, मुलांना ती वापरायची होती!

आपल्याकडे मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. निमित्त त्यांच्या मुलीचे, मालिनी चिब हिचे होते. मालिनी पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली, लंडनला जाऊन तिने पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. ती एका बोटाने टंकलेखन करते आणि 'लाइटरायटर' या साधनातून बोलते. आजारपणात स्वतःचा आवाज गमावलेल्या टोबी चर्चिल या इंग्रज अभियंत्याने ते १९७०च्या दशकात तयार केले. त्याला दोन पडदे असतात, एक लिहिणाऱ्याकडे आणि दुसरा समोरच्याकडे. त्यामुळे ऐकणाऱ्याला पाठीमागून वाकून वाचावे लागत नाही, तो समोर बसतो. ही बारीकशी सोय आम्हाला फार शहाणपणाची वाटते. २०१० साली मालिनीचे 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन आले. त्यात कॉलेजातल्या एकटेपणाबद्दल तिने मोकळेपणाने लिहिले आहे. बुद्धी होती, साधनही मिळाले. समोर बसून वाट पाहणारे सोबती मात्र थोडे.

वाट पाहणे म्हणजे नेमके किती? आपण बोलतो ते मिनिटाला सुमारे दीडशे शब्दांच्या वेगाने. साधन वापरणाऱ्यांचा वेग बहुधा दहा-पंधरा शब्दांच्या आत असतो. म्हणजे पाच शब्दांच्या वाक्याला अर्धे मिनिट. तेवढ्यात शेजारचा मुलगा पंचाहत्तर शब्द बोलून विषय बदलून मोकळा होतो. जॅनिस लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अशा लहान मुलांचे त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्यांशी होणारे बोलणे तपासले. विषय काढायचे मोठ्यांनी, प्रश्नही त्यांचेच, आणि मुलांच्या वाट्याला उत्तरे देणे, असा प्रकार दिसला. मूल गप्प म्हणून मोठा अधिक बोलतो, आणि मोठा अधिक बोलतो म्हणून मूल आणखी गप्प होते.

बोलणाऱ्या मुलांच्या वर्गातही हे घडते. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलतात. आमच्या मेणबत्तीच्या प्रयोगात तीसही कमी पडले असते.

आता साधने स्वस्त झाली आहेत. २०१०च्या सुमारास चेन्नईत अजित नारायणन यांनी 'आवाज' बनवले. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना विभागात प्रा. रवी पूवय्या यांच्या गटाने 'जेलो' तयार केले; ते मोबाइलवर चालते आणि मराठीतही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर संवादाच्या व्याख्येतच अशा पर्यायी पद्धती घातल्या. प्रश्न उरतो तो तक्त्यावर शब्द कोणते असावेत याचा.

येथे पालघर जिल्ह्याला जुनी शिदोरी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम केले. वारली पाड्यावरचे मूल शाळेच्या मराठीपुढे गप्प बसे. म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, पाने, म्हणजे मुलाच्या हातात रोज असणाऱ्या वस्तू, शिक्षणाची साधने केल्या. बोईसरच्या त्या मुलाच्या तक्त्यावर सँडविच होते, पण भाकरी, चिकू किंवा बोंबील नव्हता. शिवाय पाणी, भूक, शू, दुखते, झोप. सगळे शब्द मोठ्यांना सांगण्याचे! चिडवायला, भांडायला, 'माझी पाळी' म्हणायला एकही नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तक्त्याच्या कडेला वहीच्या कागदाचे चार चौकोन डकवलेले होते. चित्रे वर्गातल्या मुलांनीच काढलेली. एक भाकरीचे, एक जीभ काढलेल्या तोंडाचे, एक बाईंचे (चष्मा ठळक!) आणि एक पडलेल्या स्टंपांचे. मधल्या सुट्टीत तो पंच असे. चेंडू स्टंपांवर आदळला, की सगळे धावत खुर्चीभोवती जमत आणि त्याचे बोट कोठे टेकते ते पाहत उभे राहत. आम्ही घड्याळ लावले. एका निकालाला वीस सेकंद लागले, आणि तोवर कोणी खेळ पुढे नेला नाही. निकाल मात्र साफ चुकीचा आहे, असे म्हणत फलंदाज पोराने त्याच्याशी कडाडून भांडण काढले.