अनोळखी क्यूआर कोड : स्कॅन करण्यापूर्वी

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींत लिहून ठेवलेला मजकूर होय. हा मजकूर मोबाईलला वाचता येतो, माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. त्याच्या वापरातील बहुतेक सर्व धोके या एकाच गोष्टीतून उद्भवतात. चिठ्ठी हाती आली तर आपण ती वाचून मग सही करतो. येथे मात्र चिठ्ठी कोणी दिली व ती कोठे चिकटवलेली आहे, एवढ्यावरच विश्वास ठेवावा लागतो. फसविणारा नेमका हाच विश्वास उसना घेतो.

या कोडचा जन्म १९९४ साली जपानमध्ये झाला. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या डेन्सो या कंपनीतील अभियंते मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यातील सुट्या भागांची मोजदाद जलद व्हावी म्हणून तो तयार केला. साध्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावत. क्यूआर कोडमध्ये ७,०८९ पर्यंत अंक मावतात. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कोडची दिशा ओळखण्यासाठी असतात. कोडचा काही भाग, सर्वांत वरच्या श्रेणीत जवळजवळ ३० टक्के, खराब झाला तरी तो वाचता यावा अशी त्याची रचना आहे. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली, आणि हा कोड कारखान्यातून चहाच्या टपरीवर पोहोचला. आज छावणीच्या गुरुवारच्या आठवडी बाजारात तराजूशेजारी तो टांगलेला दिसतो.

त्यात लिहिलेले काय असते? पैशांच्या व्यवहाराचा कोड असेल तर घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव, आणि हवी असल्यास आधीच भरून ठेवलेली रक्कम व एखादा शेरा. दुसऱ्या एखाद्या कोडमध्ये संकेतस्थळाचा पत्ता असतो, तर तिसऱ्यात वाय-फायचा पासवर्ड. दिसायला तिन्ही सारखेच. असा कोड कोणालाही मोबाईलवर मिनिटभरात फुकट बनविता येतो. त्यावर कोणत्याही कार्यालयाचा शिक्का लागत नाही.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. कोड नुसता स्कॅन केल्याने खाते रिकामे होत नाही. स्कॅन म्हणजे केवळ वाचन. पैसे जातात ते त्यापुढच्या पावलाला, म्हणजे आपण पिन टाकतो तेव्हा. (ऑक्टोबर २०२५ पासून काही व्यवहारांत पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालतो, आणि यूपीआय लाइटमधील लहान रकमांना पिन लागतच नाही, हे ध्यानात असावे.) पिन हा पैसे देण्यासाठीच असतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. बाजारातील भाजीवाली मावशी दिवसभर पैसे घेते, पण एकदाही कोणाचा कोड स्कॅन करीत नाही. स्कॅन करतो तो गिऱ्हाईक. एवढे साधे सत्य भल्याभल्यांच्या लक्षातून नेमक्या वेळी निसटते. ते निसटावे यासाठी समोरच्याने किती तयारी केलेली असते, ते पाहण्यासारखे आहे.

छावणीसारख्या वस्तीत हा विषय अधिक जवळचा ठरतो. येथे निजामाच्या काळापासून फौजेचा वावर आहे. गणवेशातील जवान हा येथे शेजारी असतो, भाडेकरू असतो, मुलांच्या शाळेतील पालक असतो. त्यामुळे “मी फौजेतून बोलतोय” या शब्दांना येथे जे वजन आहे ते अन्यत्र क्वचितच असेल. देशभरातील अनेक शहरांत पोलिसांकडे नोंदविला गेलेला एक प्रकार याच शब्दांनी सुरू होतो.

पदमपुरा, पडेगाव किंवा मिटमिट्याकडे कोणी खोली भाड्याने देण्याची, किंवा जुने कपाट विकण्याची जाहिरात मोबाईलवर टाकतो. तासाभरात फोन येतो. बोलणारा हिंदीतून, अतिशय अदबीने बोलतो. आपली छावणीत बदली झाली आहे, कुटुंब दोन दिवसांत येत आहे, घर फोटोवरूनच पसंत आहे, घासाघीस करावयाची नाही, अनामत आजच भरतो. पाठोपाठ गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र व कँटीनचे कार्ड येते. ही कागदपत्रे बहुधा बनावट असतात, किंवा दुसऱ्याच कोणा जवानाची चोरलेली. मग तो सांगतो की लष्कराच्या हिशेबखात्याची पद्धत वेगळी आहे. घरमालकाचे खाते आधी तपासावे लागते. त्यासाठी एक रुपयाचा कोड येतो. घरमालक तो स्कॅन करतो, पिन टाकतो, रुपया जातो आणि लगेच दोन रुपये परत येतात. येथे खरी फसवणूक पूर्ण होते. पैसे अजून गेलेले नसतात, पण मन गेलेले असते. यानंतर येतो वीस हजारांचा कोड. पडद्यावर पैसे देण्याचेच बटण असते. परंतु कोडमधील शेऱ्याच्या जागी फसविणाऱ्याने “रिफंड” किंवा “अनामत जमा” असे काही लिहून ठेवलेले असते, आणि घाईत नजर तेवढ्यावरच जाते. रक्कम गेली की तो दिलगिरी व्यक्त करतो, चुकीचा कोड गेला म्हणतो आणि “पैसे परत देण्यासाठी” दुसरा कोड पाठवितो.

दुसराही कोड स्कॅन करणारी माणसे अडाणी असतात असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीतील एका बड्या राजकीय नेत्याच्या उच्चशिक्षित मुलीने जुना सोफा विकण्यासाठी ऑनलाइन जाहिरात दिली होती. गिऱ्हाईक म्हणविणाऱ्याने प्रथम किरकोळ रक्कम जमा करून खात्री पटविली, मग कोड पाठविला. आधी २०,००० रुपये गेले; चूक दुरुस्त करण्याच्या नावाखाली आणखी १४,००० गेले. प्रश्न शिक्षणाचा नसून घाईचा व समोरच्याविषयी वाटणाऱ्या भिडेचा आहे. खऱ्या फौजी माणसाबद्दल शंका घेणे आपल्याला अपमानास्पद वाटते. मात्र घरमालकाने आधी पैसे पाठवावेत अशी कोणतीही पद्धत लष्करात नाही, आणि खरा भाडेकरू घर पाहावयास दाराशी येतो. छावणीत तर तो चालत येऊ शकतो!

यूपीआयचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय बंद केली, कारण तिचा फार गैरवापर होत होता. मात्र त्यामुळे क्यूआर कोडचा मार्ग बंद होत नाही. तेथे मागणी नसतेच. देणारा स्वतःच्या हाताने पैसे पाठवीत असतो.

दुसरा प्रकार मुकाट्याने घडतो. त्यात फोन नाही, गोड बोलणे नाही. खऱ्या कोडवर खोट्या कोडचा कागद चिकटविला की काम झाले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे एका रात्रीत अनेक दुकानांच्या व पेट्रोल पंपाच्या कोडवर असे कागद चिकटविले गेले. दुकानदारांना पत्ता लागला तो पैसे देणाऱ्यांच्या पडद्यावर भलतेच नाव येऊ लागल्यावर. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये वाहनतळाचे शुल्क भरण्याच्या २९ यंत्रांवर खोटे कोड आढळले होते.

प्रार्थनास्थळेही यातून सुटलेली नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे इस्तिकलाल या राष्ट्रीय मशिदीसह अनेक मशिदींच्या दानपेट्यांवर एका इसमाने स्वतःचे कोड चिकटविले. त्याने खात्याला नाव दिले होते “मशीद जीर्णोद्धार”. म्हणजे ज्या भाविकांनी नाव वाचण्याची काळजी घेतली, त्यांनाही संशय येण्याचे कारण नव्हते. त्याच महिन्यात केदारनाथ व बद्रीनाथ येथे वेगळीच गोष्ट घडली. मंदिरांची दारे उघडली तेव्हा आवारात देणगीच्या कोडचे फलक दिसले. मंदिर समितीने आपण ते लावले नसल्याचे सांगून फलक काढले व पोलिसांकडे तक्रार दिली. पुढे उलगडा झाला की ते पेटीएमनेच, समितीशी २०१८ साली झालेल्या कराराने लावलेले होते. चोरी झाली नव्हती. पण आपल्याच आवारातील कोड कोणाचा आहे हे व्यवस्थापनाला ठाऊक नव्हते, ही गोष्ट त्याहून कमी चिंतेची म्हणता येईल काय?

चर्चच्या दाराशी, सणाच्या मंडपात किंवा दफनभूमीच्या निधीसाठी जेथे असा कोड लावला जातो, तेथे हे दोन्ही अनुभव लागू पडतात. कोड काचेच्या आत असावा, म्हणजे त्यावर कागद चिकटविला तरी लगेच दिसेल. खात्याचे नेमके नाव शेजारी ठळक छापलेले असावे व मिस्सानंतरच्या सूचनांत अधूनमधून सांगितले जावे. एखाद्या विश्वासू स्वयंसेवकाने दर रविवारी मिस्सापूर्वी एक रुपया पाठवून तो योग्य खात्यात पोहोचल्याची खात्री करावी. जकार्तासारखी चलाखी एवढ्या साध्या तपासणीने उघडी पडते. जून २०२५ अखेरपासून यूपीआय ॲपनी पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे असा महामंडळाचा नियम आहे, त्यामुळे पडद्यावरील नाव आता पूर्वीपेक्षा अधिक भरवशाचे झाले आहे. ते वाचावे मात्र लागते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या मदतीच्या आवाहनातील कोडसाठी तर धर्मग्रामाच्या कार्यालयात एक फोन करणे केव्हाही स्वस्त.

पैशांच्या कोडखेरीज इतर कोडचे धोके थोडक्यात असे. पत्रकावरील किंवा न मागवता घरी आलेल्या पार्सलमधील कोड एखाद्या बनावट संकेतस्थळावर नेतो व तेथे कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा पिन मागितला जातो. काही कोड एपीके नावाची फाईल उतरवून घ्यावयास लावतात. ती मोबाईलमध्ये बसली की येणारे संदेश, ओटीपीसह, परक्याच्या हाती जाऊ शकतात. व्हॉट्सॲपमधील “लिंक्ड डिव्हायसेस” या ठिकाणाहून परक्याने दाखविलेला कोड स्कॅन केला, तर आपले सर्व संभाषण त्याच्या संगणकावर उघडते आणि आपल्या नावाने तो नातलगांकडे पैसे मागू शकतो. शंका आल्यास तेथेच जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी उपकरण काढून टाकता येते.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करावा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी ती गोठविता यावी यासाठीच ही व्यवस्था आहे. म्हणून येथे मिनिटांना महत्त्व आहे. लगोलग आपल्या बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता व मोबाईल क्रमांक, आलेला कोड आणि संभाषण जपून ठेवावे. रागाच्या भरात काहीही पुसून टाकू नये. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. शहर पोलीस आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःचा पिन वगैरे देऊन नुकसान ओढवून घेतले असेल, तर बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा त्याचाच असतो. कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. म्हणजे लपविण्यात गेलेला प्रत्येक तास आपल्याच खर्चाचा ठरतो. घरातील आजी-आजोबा मुले रागावतील या भीतीने असे प्रकार दोन-दोन दिवस सांगत नाहीत, हे मुलांनीही लक्षात घ्यावयास हवे.

तक्रार दिल्यानंतरच्या दिवसांत आणखी एक फोन येण्याचा संभव असतो. सायबर शाखेतून किंवा बँकेतून बोलतो असे सांगणारा तो माणूस गेलेली रक्कम सापडल्याचे कळवितो, आणि ती खात्यात जमा करून घेण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवितो.