'किंवा' या एका शब्दावरून झालेलं बंड

अग्निवीर भरतीवरच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: सैन्यात सही केली की माणूस नक्की किती वर्षांसाठी बांधला जातो? उत्तरासाठी मी आज तुम्हाला थेट अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नेतोय. तिथे याच प्रश्नावरून स्वतःचंच सैन्य सेनापतीच्या हातातून निसटायची वेळ आली होती, तीही दोनदा.

पहिली वेळ डिसेंबर १७७६ ची. जॉर्ज वॉशिंग्टनच्या बहुतेक सैनिकांचा करार ३१ डिसेंबरला संपणार होता. म्हणजे १ जानेवारीला सैन्यच नाही! ट्रेंटनची प्रसिद्ध लढाई २६ डिसेंबरला झाली, त्यामागे ही तारीखही होती. जिंकल्यावर वॉशिंग्टनने सैनिकांना विनवलं, अजून सहा आठवडे थांबा, माणशी १० डॉलर देतो. आधी कुणी पुढे येईना. त्याने पुन्हा विनवणी केल्यावर मग हळूहळू लोक पुढे आले.

दर वर्षअखेरीला हा तमाशा परवडणारा नव्हता. म्हणून काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या मध्यवर्ती सभेने, सप्टेंबर १७७६ मध्येच नवी ऑफर काढली होती: युद्ध संपेपर्यंत भरती व्हा, २० डॉलर बोनस आणि १०० एकर जमीन घ्या. पण युद्ध कधी संपणार हे कुणाला माहीत? लोक बिचकले. मग नोव्हेंबरमध्ये दुसरा पर्याय आला, तीन वर्षांचा, पण जमिनीशिवाय. आणि पेनसिल्व्हेनियाच्या अनेक सैनिकांच्या कागदावर दोन्हींची खिचडी होऊन शब्द पडले: 'तीन वर्षं किंवा युद्ध चालू असेपर्यंत'.

आता तुम्हीच वाचा हे. सैनिक म्हणाले, यातलं जे आधी संपेल ते. अधिकारी म्हणाले, जे नंतर संपेल ते. व्याकरणाने दोघंही बरोबर!

१७८० संपता संपता त्या लोकांची तीन वर्षं उलटून गेली होती. जवळपास वर्षभर पगार नाही, अंगावर धड कपडे नाहीत, आणि नव्याने भरती होणाऱ्यांना मात्र समोर रोख बोनस. १ जानेवारी १७८१ च्या रात्री न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनजवळच्या छावणीत पेनसिल्व्हेनियाचे सैनिक बंदुका घेऊन बाहेर पडले. त्यांना आवरताना एक कॅप्टन मारला गेला. त्यांचा जनरल अँथनी वेन आडवा आला, त्याला त्यांनी इजा केली नाही, पण त्याचं ऐकलंही नाही. तोफा सोबत घेऊन ते शिस्तीत प्रिन्स्टनला गेले आणि वाटाघाटीसाठी स्वतःच्याच सार्जंटांची समिती नेमली.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. ब्रिटिश सेनापती क्लिंटनला वाटलं, आयतं सैन्य मिळतंय. त्याने गुपचूप माणूस पाठवला: आमच्याकडे या, थकलेला पगार आम्ही देतो. सैनिकांनी तो माणूस आणि त्याचा वाटाड्या, दोघांनाही पकडून दिलं. ११ जानेवारीला दोघांना हेर म्हणून फाशी झाली. त्याबद्दल देऊ केलेलं बक्षीसही सार्जंटांनी नाकारलं. म्हणजे भांडण देशाशी नव्हतंच, कागदाशी होतं.

शेवटी पेनसिल्व्हेनियाच्या सरकारचा प्रमुख जोसेफ रीड तडजोडीला आला. २० डॉलरवर भरती झालेल्यांची तीन वर्षं पूर्ण झाली असतील तर सुट्टी, असं ठरलं. बऱ्याच जणांचे कागद जागेवर नव्हते, तिथे सैनिकाची शपथ पुरेशी मानली. तेराशेच्या आसपास माणसं सुटली. नंतर कागद आले तेव्हा दिसलं की त्यातले बरेच जण खरोखरच युद्ध संपेपर्यंत बांधलेले होते. त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे पुन्हा सही केली, अर्थात नवा बोनस घेऊन. हुशारच म्हणायचे!

हे बघून त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या तुकडीनेही तसंच केलं. या वेळी वॉशिंग्टन थांबला नाही. त्याने सैन्य पाठवून छावणीला वेढा घातला आणि दोन म्होरक्यांना गोळ्या घालायला लावल्या. गोळ्या झाडायला उभे केले ते त्यांच्याच बंडातले साथीदार.

आजचा अमेरिकन करार पुष्कळ स्पष्ट आहे. पहिल्यांदा भरती होणाऱ्याची एकूण बांधिलकी साधारण ८ वर्षांची असते. त्यातली चार वर्षं प्रत्यक्ष नोकरीची असतील, तर उरलेली चार राखीव दलात. घरी बसलात तरी बोलावणं येऊ शकतं, आणि इराक युद्धात ते आलंही. कोणतं काम मिळणार, हेही कागदावर असेल तरच खरं. भरती अधिकाऱ्याने तोंडी दिलेल्या शब्दाला किंमत नाही, असं करारातच लिहिलेलं असतं. शिवाय कायदा बदलला तर तुमच्या अटीही बदलू शकतात, हेही त्यातच येतं.

आणि आपल्याकडे? २०२२ ची अग्निपथ योजना म्हणते चार वर्षं, प्रशिक्षण धरून. त्यात 'किंवा' नाही. पण पुढे कायम होणाऱ्यांबद्दल शब्द आहेत 'पंचवीस टक्क्यांपर्यंत'. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर पळणाऱ्या पोरांना हा 'पर्यंत' कुणी समजावून सांगत नाही. पंचवीस टक्के ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. निवड झाली तर पुढची किमान पंधरा वर्षं. नाही झाली तर सेवानिधीची रक्कम हातात, आणि पेन्शन नाही.