दुसऱ्याने ठेवलेले नाव

झाँ-पोल सार्त्र याच्या विचाराला कायमचे चिकटलेले ‘अस्तित्ववाद’ हे नाव त्याने स्वतः ठेवलेले नव्हते. 1940 च्या दशकाच्या मध्यास गाब्रिएल मार्सेल या कॅथलिक तत्त्वज्ञाने ते प्रचारात आणले आणि सार्त्रने आरंभी ते नाकारलेही. विचाराचे मूळ मात्र बरेच जुने आहे. सोरेन किर्केगार्ड या डॅनिश लेखकाने 1843 मध्येच निवडीचा प्रश्न माणसाच्या जगण्याच्या केंद्रस्थानी आणला होता. पण त्याचा निवड करणारा माणूस अखेर ईश्वरासमोर उभा होता, आणि सार्त्रने नेमका तोच साक्षीदार काढून घेतला.

29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमध्ये खच्चून भरलेल्या सभागृहात सार्त्रने जे व्याख्यान दिले, त्यात हे नाव त्याने उघडपणे पत्करले. जर्मन अंमलाशी सहकार्य करणारा माजी पंतप्रधान लाव्हाल याला त्याच महिन्यात देहदंड झाला होता, आणि ‘आमचा नाइलाज होता’ ही सबब देशभर तपासली जात होती. कागद कापण्याची सुरी घडण्यापूर्वी तिचा उपयोग कारागिराच्या मनात ठरलेला असतो, माणसाचे तसे नसते, म्हणजेच अस्तित्व आधी आणि सारतत्त्व (वस्तूचे ठरीव स्वरूप) नंतर, अशी मांडणी सार्त्रने केली. पण तिच्याहून बोलके उदाहरण त्याच्या एका विद्यार्थ्याचे आहे. थोरला भाऊ 1940 च्या लढाईत पडलेला, वडिलांचे आईशी बिनसलेले, आणि आईला आधार एवढ्या एका मुलाचा. अशा स्थितीत इंग्लंड गाठून मुक्त फ्रेंच सैन्यात जावे की घरी राहावे, हे त्याने सार्त्रला विचारले. कोणतेही नीतिशास्त्र याचे उत्तर देणार नाही, तूच ठरव, असे सार्त्रने सांगितले. हे उत्तर कोरडे वाटते खरे, परंतु सल्लागार निवडतानाच माणूस बहुधा सल्लाही निवडून मोकळा झालेला असतो, हा त्यामागचा युक्तिवाद सहजी खोडता येत नाही.

व्याख्यान 1946 मध्ये पुस्तकरूपाने निघाले; त्यातील सुलभीकरणाबद्दल सार्त्रला पुढे खंत वाटली, तरी सामान्य वाचकांपर्यंत पोचला तो मुख्यतः याच छोट्या पुस्तकातून. सार्त्रने आपल्या पंक्तीत बसवलेल्या हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात हे नाते अमान्य केले, आणि खुद्द मार्सेलनेही कालांतराने स्वतःपुरते हे नाव टाकून दिले.