ऱ्हाईनपलीकडची विटांची घरे

अमेरिकेच्या ‘मिडवेस्ट’ या नावाचा शब्दशः अर्थ लावायला गेले तर फसगत होते. नकाशावर तो भाग पश्चिमेलाही नाही आणि धड मध्यावरही नाही. अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघालेल्या माणसाला एके काळी जी पश्चिम वाटली तिला ते नाव चिकटले, एवढेच. आपल्याकडे अमेरिका म्हटली की न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्निया. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, सेंट लुईस, सिनसिनाटी ही नावे कुणी सहसा काढत नाही. १९५० साली हीच शहरे देशाचे कारखाने होती. मग कारखाने हलले, मोटारी आल्या, महामार्ग आले आणि ज्यांना परवडत होते त्यांनी उपनगरांत बंगले बांधले. डेट्रॉइटची साडेअठरा लाखांची वस्ती २०२० साली ६ लाख ३९ हजारांवर आली. सिनसिनाटीतली ५ लाख ४ हजार माणसे २०१० पर्यंत २ लाख ९७ हजार उरली. २०२० च्या जनगणनेत मात्र तो आकडा ३ लाख ९ हजारांवर गेला. १९५० नंतर पहिल्यांदाच तो वाढला होता. त्या बारा हजारांच्या वाढीचे तिथे केवढे कौतुक झाले!

सिनसिनाटीत मी दोनदा राहिलो, २००५ मध्ये आणि २०१८ मध्ये. म्हणून लिहायचे ते याच शहराबद्दल, आणि त्यातही एका वाड्याबद्दल. (वाडा हा शब्द मी आपल्या गोव्याच्या अर्थाने वापरतो आहे, पुण्याच्या नव्हे.)

ओहायो नदीकाठच्या या शहरात १८२५ मध्ये एक कालवा खणायला सुरुवात झाली. वीस वर्षांनी, १८४५ साली, तो उत्तरेला ईरी सरोवरापर्यंत पोचला. मुख्य शहर कालव्याच्या दक्षिणेला. उत्तरेच्या स्वस्त जमिनीवर जर्मनीहून आलेले लोक वसू लागले. दिवसभर शहरात काम करून संध्याकाळी पूल ओलांडून घरी जायचे, म्हणजे जणू ‘ऱ्हाईन ओलांडून’ जायचे, अशी तेव्हाची थट्टा होती. थट्टेचेच नाव झाले. आजही या वस्तीला ‘ओव्हर-द-ऱ्हाईन’च म्हणतात. तीन-चार मजली अरुंद विटांची घरे, भिंतीला भिंत लागलेली, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. १९०० च्या सुमारास एवढ्याशा जागेत चाळीस हजारांहून जास्त माणसे राहत.

आणि बिअर. व्हाइन स्ट्रीट या एकाच रस्त्यावर शंभराहून अधिक दारूचे गुत्ते होते. बिअर गार मुरावी म्हणून जमिनीखाली खोदलेली दगडी तळघरे आता पर्यटकांना दाखवतात. शनिवारी फिंडले बाजारात गेलात तर ‘गेटा’ नावाचा पदार्थ मिळतो. मांसात जाडसर कांडलेले ओट घालून शिजवायचे, वडी थापायची आणि कापे पाडून तव्यावर खरपूस भाजायची. थोडे मांस पुष्कळ तोंडांना पुरवण्याची ही गरिबांची युक्ती. चवीला आपल्या चोरिसापुढे फारच सोज्वळ, पण सकाळच्या थंडीत वाईट लागत नाही. हा बाजार १८५५ पासून एकाच जागी चालू आहे आणि माझ्या मते साऱ्या शहरात पाहण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मन असणे हाच गुन्हा ठरला. १९१८ मध्ये रस्त्यांची नावे बदलली. जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट. पणजीत ‘अठरा जून’ रस्त्याने रोज चालणाऱ्याला नावे बदलण्याचे नवल वाटायचे कारण नाही. पण आपल्याकडे राज्य गेले म्हणून नावे गेली, तिथे शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांची पुसली. पाठोपाठ दारूबंदी आली आणि बिअरचे कारखाने बंद पडले. रिपब्लिक स्ट्रीट हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुन्हा यायचे आहे.

रेल्वे आल्यावर कालवा निरुपयोगी झाला. त्याच्या पात्रातून भुयारी रेल्वे न्यावी म्हणून १९१६ मध्ये मतदारांनी साठ लाख डॉलरच्या कर्जाला मंजुरी दिली. काम १९२० मध्ये सुरू झाले, तोवर युद्धाने भाव दुप्पट करून ठेवले होते. १९२७ पर्यंत पैसे संपले. दोनेक मैल बोगदा तयार झाला, स्टेशने बांधून झाली, गाडी एकही धावली नाही. वर १९२८ मध्ये ‘सेंट्रल पार्कवे’ हा रुंद रस्ता खुला झाला. न धावलेल्या गाडीचे कर्ज शहर १९६६ पर्यंत फेडत होते!

आता शेजारच्या वस्तीकडे वळू, कारण तिच्यावाचून ऱ्हाईनपलीकडची गोष्ट कळत नाही. पश्चिमेला लागूनच ‘वेस्ट एंड’. दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती, कारण दुसरीकडे त्यांना घर मिळत नसे. चर्च, दुकाने, दवाखाने, सगळे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘नागरी नूतनीकरण’ या नावाखाली तिचा खालचा भाग पाडायला घेतला. सुमारे २५,७०० माणसे हलवली आणि त्यांतली शेकडा ९७ कृष्णवर्णीय होती. कडेने आय-७५ हा महामार्ग गेला, उरलेल्या जागेवर गोदामे आणि कारखाने आले आणि त्याला ‘क्वीन्सगेट’ असे राजेशाही नाव दिले.

उठवलेल्यांतली अनेक कुटुंबे कालव्यापलीकडच्या त्या जुन्या जर्मन घरांत आली. जर्मनांची नातवंडे तोवर टेकड्यांवर राहायला गेली होती. ॲपलाचियाच्या डोंगरातून कामासाठी आलेले गरीब गोरे तिथे होतेच. घरमालक डागडुजी करीनात. २००० सालच्या जनगणनेत जेमतेम साडेसात हजार माणसे उरली. शेकडो इमारती ओस पडल्या, पण उभ्या राहिल्या. पाडून तिथे काही बांधावे इतकीसुद्धा कुणाला त्या जमिनीची गरज नव्हती. आज त्या घरांच्या सौंदर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी श्रेय द्यायचेच तर आधी या दुर्लक्षाला द्यावे, आणि मग गळक्या छपराखाली भाडे भरत राहिलेल्या भाडेकरूंना.

१९८३ मध्ये हा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत आला. बेघरांसाठी निवारा चालवणाऱ्या बडी ग्रे या कार्यकर्त्याने त्याला कडाडून विरोध केला होता. वारसा म्हटले की पैसा येईल आणि पैसा आला की गरीब जातील, हे त्याचे साधे गणित. तेव्हा पुष्कळांना तो विकासाचा शत्रू वाटला. १९९६ मध्ये एका मनोरुग्ण माणसाने, ज्याला त्यानेच मदत केली होती, त्याला गोळ्या घालून मारले.

७ एप्रिल २००१ रोजी पहाटे टिमोथी थॉमस या एकोणीस वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाची गोळी लागून मृत्यू आला. जागा होती तेरावा रस्ता आणि रिपब्लिक स्ट्रीट यांच्याजवळची एक गल्ली. शहर काही दिवस पेटले, संचारबंदी लागली. पुढे २००२ मध्ये पोलीस आणि नागरिक संघटना यांच्यात जो करार झाला तो देशभर अभ्यासला जातो. २००३ मध्ये शहराने मोठ्या कंपन्यांच्या साहाय्याने एक ना-नफा विकास मंडळ उभारले आणि मंडळाने पडक्या इमारती विकत घ्यायला सुरुवात केली.

२००५ साली मी गेलो तेव्हा, अंधार पडल्यावर पार्कवे ओलांडू नका, असे यजमानांनी बजावले होते. दिवसा गेलो. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, भिंतीतून झाड उगवलेले, आणि पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपण होऊन बाजाराचा रस्ता दाखवला. २०१८ मध्ये त्याच भागात आइस्क्रीमला रांग होती. वॉशिंग्टन पार्क २०१२ मध्ये नवे होऊन उघडले होते. खाली मोटारींचा तळ, वर हिरवळ, कारंज्यांत भिजणारी पोरे, कुत्र्यांसाठी वेगळे अंगण. समोरचे १८७८ चे म्युझिक हॉल नुकतेच दुरुस्त झालेले. २०१६ पासून ट्राम धावत होती. तिच्यावरून दोनदा सार्वमत झाले होते, आणि २०१३ मध्ये अर्धवट काम थांबवून पुन्हा सुरू केले होते. मला ते सगळे आवडले, हे लपवत नाही. चालता येणारे शहर अमेरिकेत दुर्मीळ आहे, आणि ती घरे खरोखरच देखणी आहेत.

पण पायरीवर बसणारे म्हातारे दिसले नाहीत. अगदी कमी उत्पन्नाच्या माणसाला परवडतील अशी घरे या भागात २००२ मध्ये सव्वातीन हजारांच्या आसपास होती, २०१५ मध्ये नऊशेच्या आत आली. इमारती तर पाडल्या नव्हत्या! इमारत वाचवणे आणि वस्ती वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिल्याला सांस्कृतिक क्षेत्रातली माणसे (मीही त्यांतलाच) जेवढ्या उत्साहाने धावतात तेवढी दुसऱ्याला धावत नाहीत. भाडे बांधून दिलेली घरे नूतनीकरणाच्या पहिल्या दिवसापासून राखून ठेवता आली असती. काही ठेवलीही, पण उशिरा आणि थोडी. बडी ग्रेचा बेघर-निवारा म्युझिक हॉलच्या जवळच होता. २०१५ मध्ये तो तिथून हलवला. कुठे, तर क्वीन्सगेटला.

२०२३ मध्ये नगर परिषदेने वेस्ट एंडमधून उठवलेल्यांची औपचारिक माफी मागितली. तेव्हाचे महापौर आफताब पुरेवाल हे पंजाबी वडिलांचे आणि तिबेटी निर्वासित आईचे चिरंजीव.

पाडण्यापूर्वी नगरपालिकेने वेस्ट एंडमधल्या त्या घरांची छायाचित्रे काढून ठेवली होती. नुकसानभरपाईच्या हिशेबासाठी. ती आता शहराच्या संग्रहालयात आहेत, आणि संग्रहालय आहे १९३३ च्या जुन्या रेल्वे स्थानकात, म्हणजे वेस्ट एंडमध्येच. छायाचित्रांत घरासमोर पाटी धरून एक माणूस उभा असतो, पाटीवर जागेचा क्रमांक. त्याच्या मागे कधी दाराशी बाई उभी असते, कधी पायऱ्यांवर मुले बसलेली असतात, कॅमेऱ्याकडे पाहत.